तिसरी बादली

शुला : बस. आता बोललीस तरी चालेल. आधी मी बोलले ना.

सँड्रा : नको ताई, जाते. रॉबर्टला साडेसहाला निघायचंय. डब्याच्या वरच्या कप्प्यात मसुराची उसळ आहे, खाली भात. तुमच्याच पातेल्यात केलंय, सिपोरा टीचरनी माझ्याकडे ठेवायला दिलेल्या. आमच्या घरचा चमचासुद्धा लागलेला नाही त्याला.

शुला : तुझ्या नवऱ्याची आज सुट्टी आहे. दुपारी तोच पाण्याचे कॅन वर घेऊन आला होता.

सँड्रा : हां... सुट्टी आहे.

शुला : मग बस.

सँड्रा : खाली बसू का, तुमच्यासारखी?

शुला : खाली मी बसायचं असतं. मेलेली माझी बहीण आहे. तू खुर्ची घे.

सँड्रा : बसले.

शुला : आज सहावा दिवस. सकाळ-संध्याकाळ येतेस, डबा ठेवतेस आणि पळतेस. एकोणीस वर्षं समोरच्या दारात राहतेस. या घरातून चहा न पिता गेलेली मला आठवत नाहीस.

सँड्रा : तुमच्यात दुःखाच्या घरी आपण होऊन बोलायचं नसतं ना. तुमच्या फ्लोरामावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं मला. घरातलं माणूस बोलेपर्यंत गप्प बसायचं. आमच्यात कसं, कोणी गेलं की घर भरून जातं. रोझरी म्हणतो, रडतो, गेलेल्याच्या गोष्टी सांगतो. मला नाही जमत गप्प बसायला. म्हणून डबा ठेवून जाते.

शुला : ते कारण नाही.

सँड्रा : तेच आहे ताई.

शुला : बरं.

सँड्रा : काल किती माणसं आली होती संध्याकाळी?

शुला : आठ. परवा सात. गेलेल्यासाठी काद्दीशची प्रार्थना म्हणायला दहा पुरुष लागतात. शुक्रवारी तेवढे दहा झाले होते, दोघं मीरा रोडहून आले म्हणून. बाकीचे दिवस तिकडे इस्राएलमध्ये, अश्दोदला भाचा म्हणतो. त्याच्याकडे दहा काय, पन्नास आहेत.

सँड्रा : ताई, आत फोन वाजतोय.

शुला : वाजू दे. सहा वाजले. तिच्या बीपीच्या गोळीचा गजर आहे.

सँड्रा : बंद करू?

शुला : नको. मिनिटभरानं थांबतो. पाच मिनिटांनी परत वाजतो. तीन वेळा वाजतो आणि मग सोडून देतो.

सँड्रा : सहा दिवस असाच वाजतोय?

शुला : सकाळचा थायरॉइडचा असतो. त्या दिवशी तोही वाजला. मी स्वयंपाकघरात चहा टाकत होते. तिथूनच ओरडले, सिपोरा, बंद कर गं ते. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा म्हणाले, कान फुटले का तुझे. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा आत गेले. हात लावला आणि कळलं. गार होती. जबडा आखडायला लागला होता. म्हणजे तीनच्या सुमाराला गेली असणार. चौतीस वर्षं नर्सिंग केलं मी, हे बघायला घड्याळ लागत नाही.

सँड्रा : झोपेत गेल्या, ताई. त्रास नाही झाला.

शुला : हे मीपण सगळ्यांना सांगायचे. वॉर्डच्या बाहेर उभी राहून. झोपेत गेले, त्रास नाही झाला.

सँड्रा : मग काय बोलू मी?

शुला : काही नको. मी तक्रार नाही करत. मला काही वाटतच नाहीये, सँड्रा. लोक येतात, मी बोलते. गॅसचं बुकिंग करायचं होतं, ओटीपी तिच्या फोनवर येतो, तर आत जाऊन तिच्या उशाजवळून फोन उचलला, आकडा सांगितला, परत ठेवला. रविवारी दुपारी दार लोटून रडायचा प्रयत्न केला. बसले बराच वेळ. एक ढेकर आली नुसती.

सँड्रा : येईल. कधी कधी उशिरा येतं.

शुला : आलं तर आलं. मला तुला एक विचारायचंय. पाच दिवस विचारायचंय, तू थांबत नाहीस.

सँड्रा : विचारा ना.

शुला : तिसरी बादली कोणी ओतली?

सँड्रा : कसली बादली?

शुला : सँड्रा.

सँड्रा : मी फक्त पाणी आणून देत होते, ताई. फ्लोरामावशी म्हणाल्या, आम्ही दोघीच आहोत, तू पाणी भरून बाल्कनीच्या दाराशी आणून ठेव. मी ठेवलं. बस.

शुला : मी हे काम सव्वीस वर्षं केलंय. ड्यूटी संपवून ठाण्याला जायचे, पनवेलला जायचे, पेणला जायचे. आमच्या ज्यू समाजातली बाई गेली की फोन यायचा. एकेचाळीस बायकांना मी आंघोळ घातली आहे. आम्ही चौघी होतो. त्यातल्या दोघी मुलांकडे इस्राएलला गेल्या. उरलो मी आणि फ्लोरामावशी, आणि आता ती हाना येते मदतीला. सिपोरा गेली तेव्हा मी घरातच होते, पण मला आत जाता येईना. सख्ख्या माणसानं हात लावायचा नसतो.

सँड्रा : तुम्ही दाराबाहेर उभ्या होतात. मी बघितलं.

शुला : दुधी काचेच्या बंद दाराबाहेर. बाहेरून सांगत होते, केस विंचरा, नखांखालचं काढा, उजव्या हाताची अंगठी साबणानं निघते. स्वतःच्या बहिणीसाठी मी तेवढंच केलं. आणि ऐकत होते. शेवटी तीन बादल्या ओततात, डोक्यापासून पायापर्यंत. पहिली संपायच्या आत दुसरी सुरू करायची, दुसरी संपायच्या आत तिसरी. धार तुटता कामा नये. तुटली तर पुन्हा पहिल्यापासून.

सँड्रा : नाही तुटली.

शुला : माहीत आहे. तुटली असती तर मला कळलं असतं. पहिली हानाची होती. तिचा हात हलतो, पाणी मधेच जास्त पडतं. दुसरी मावशींची. मावशींना कायम घाई, धबधब ओततात. मग काहीतरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटलं तिच्याखालची फळी हलली. आणि तिसरी धार सुरू झाली ती बारीक होती. एकसारखी. फार जपून ओतल्यासारखी. ती त्या दोघींची नव्हती.

सँड्रा : मी मावशींना शब्द दिलाय, ताई.

शुला : म्हणजे मला उत्तर मिळालं.

सँड्रा : मी काय करनार होते? तुम्ही सांगा ना, काय करनार होते? हानाताईंची पहिली बादली झाली, त्या तिसरी घ्यायला वळल्या आनि ओल्या फरशीवर पाय गेला. बसल्याच खाली. गुडघा धरून. मावशींची बादली अर्ध्याच्या वर आली होती. मावशी तोंडानं तुमच्या भाषेतलं म्हनतायत, ते थांबवता येत नाही त्यांना, आनि डोळे माझ्याकडे. मी दाराच्या आतल्या बाजूला उभी, पायाशी ती तिसरी बादली. मावशींनी मान हलवली. एवढीच. मी उचलली.

शुला : आणि ओतलीस.

सँड्रा : ओतली. मावशींचं पानी संपायच्या आत सुरू केली. सावकाश ओतली. डोक्यापासून पायापर्यंत, त्यांनी ओतली होती तशीच.

शुला : ते काम आमच्यातल्या बाईनंच करायचं असतं, सँड्रा.

सँड्रा : माहीत आहे मला.

शुला : म्हणजे तिची आंघोळ झाली नाही.

सँड्रा : असं नका ना म्हणू.

शुला : मी म्हणून काय होतंय. नियम आहे. एकेचाळीस बायकांच्या वेळी मी तो पाळला. एकदा पेणला धार तुटली तर रात्रभर उपाशी असताना पुन्हा तीन बादल्या भरायला लावल्या मी सगळ्यांना. त्या बाईचं नावसुद्धा मला आता आठवत नाही. आणि माझ्या बहिणीच्या वेळी...

सँड्रा : मी ख्रिश्चन आहे म्हणून ते पाणी पाणी नाही झालं का?

शुला : तुझ्या धर्माचा प्रश्न नाही.

सँड्रा : आहे ना. आहेच. ठीक आहे. ताई, माझ्या आईला कोणीच आंघोळ घातली नाही. एकवीस साली. तुम्हाला माहीत आहे. प्लॅस्टिकमध्ये बांधून दिली, चेन ओढून. गावी अर्नाळ्याला नेताच नाही आली. मी इथे घरात कोंडलेली, मलाही कोरोना झालेला. रॉबर्ट एकटा गेला सिमेट्रीत, लांबूनच बघितलं त्यानं. मी तिच्या केसांना तेलसुद्धा लावलं नाही शेवटचं. तेव्हा टीचर येऊन बसायच्या.

शुला : कुठे?

सँड्रा : आमच्या दाराबाहेर. जिन्याच्या वळणावर खुर्ची टाकून. मास्क लावून.

शुला : सिपोरा?

सँड्रा : रोज चार वाजता. चौदा दिवस. मधे बंद दार. मी आतल्या बाजूला जमिनीवर बसायचे, दाराला पाठ लावून. दाराखालच्या फटीतून त्यांच्या चपला दिसायच्या. एक शब्द बोलल्या नाहीत. मला आधी वाटलं, टीचर रागावल्यात. मग सातव्या की आठव्या दिवशी मीच बोलले. म्हणाले, टीचर, आई गेली. तर म्हणाल्या, हो सँड्रा, मी आहे इथे. मग मी जे बोलायला लागले ते सहा वाजले तरी थांबले नाही.

शुला : मला म्हणायची, गच्चीवर पाय मोकळे करायला जाते. रोज चारला.

सँड्रा : तुमची नर्सची नजर होती ना. तुम्ही सोडलं नसतं त्यांना. वय झालेलं, बीपी.

शुला : नसतंच सोडलं.

सँड्रा : म्हणून मी उचलली ती बादली. मावशींनी मान हलवली नसती तरी उचलली असती बहुतेक. खोटं कशाला सांगू.

शुला : जा आता तू.

सँड्रा : ताई...

शुला : मी रागावलेली नाही. मला रागही येत नाहीये. उद्या सकाळी मावशी येणार आहेत, मला जमिनीवरून उठवायला. सातवा दिवस. त्यांना विचारते.

सँड्रा : मी येऊ उद्या?

शुला : दार उघडंच असतं.

(दुसऱ्या दिवशी, बुधवारी सकाळी. शोकाचा सातवा आणि शेवटचा दिवस. ठाण्याहून फ्लोरामावशी आल्या आहेत.)

फ्लोरामावशी : रिक्षावाल्यानं तीन वेळा चुकवलंन. म्हटलं बाबा, वसईला काय आज पहिल्यांदा आलायस का? तर म्हणतो, हो आजी. तुझा दिवा अजून जळतोय?

शुला : जळतोय. संध्याकाळपर्यंत पुरेल.

फ्लोरामावशी : खाल्लंस काही?

शुला : मावशी, तिसरी बादली सँड्रानं ओतली.

फ्लोरामावशी : सांगितलंन का तिने?

शुला : मी ओळखलं. आवाजावरून.

फ्लोरामावशी : मग मला का विचारतेस?

शुला : तुम्ही मला का नाही सांगितलंत?

फ्लोरामावशी : कधी सांगणार होते? कबरीवर माती पडत होती तेव्हा? का इथे तू भिंतीला टेकून बसली होतीस, डोळ्यांत पाण्याचा टिपूस नाही, तेव्हा?

शुला : सिनेगॉगच्या हज्जानना विचारलंत?

फ्लोरामावशी : नाही विचारलं.

शुला : का?

फ्लोरामावशी : विचारलं असतं तर त्यांनी उत्तर दिलं असतं. मला उत्तर नको होतं.

शुला : मावशी, नियम तुम्हीच मला शिकवलात. धार तुटली तर पहिल्यापासून, हे तुमचे शब्द.

फ्लोरामावशी : तुटली का?

शुला : तुटली नाही, पण...

फ्लोरामावशी : ऐक. मी एक्क्याऐंशीची आहे. तुझी बहीण चांगल्या हाडापेराची होती. हाना जमिनीवर, तिचा गुडघा आजही सुजलेला आहे. तू दाराबाहेर. चारच्या आत ठाण्याच्या कबरस्तानात पोचायचं. धार तुटली असती तर पुन्हा तीन बादल्या भरायच्या होत्या, आणि उचलायच्या कोणी? मी एकटीनं? माझ्या हातातून पहिलीच पडली असती, सिपोराच्या अंगावर. बादलीसकट. हे बघायचं होतं तुला?

शुला : नाही.

फ्लोरामावशी : मला तिथे उभ्या उभ्या जे सुचलं ते मी केलं. चुकले असेन. चुकले असेन तर ते माझ्या नावावर आहे. माझी भेट आता फार लांब नाही, वर गेले की सांगेन काय सांगायचं ते. तू त्यात पडू नको.

शुला : मला झोप येत नाही, मावशी.

फ्लोरामावशी : त्या बादलीमुळे?

शुला : माहीत नाही कशामुळे. डोळे मिटले की पाणी ऐकू येतं.

फ्लोरामावशी : टेकून बस जरा.

शुला : ती काही म्हणाली का? ओतताना? आपण म्हणतो ते.

फ्लोरामावशी : ते मी म्हटलं. 'ती शुद्ध आहे', तीन वेळा. आपल्या हिब्रूत. ही माझ्या तोंडाकडे बघत होती. मग तिने विचारलंन, मावशी, काय म्हणायचं? मी सांगितलं. तर तिने पण मराठीत म्हटलंन. मी नको म्हटलं नाही.

शुला : 'शुद्ध' म्हणाली?

फ्लोरामावशी : हो. अगदी स्पष्ट. आणि मग एकदम हसलीन ती, आणि रडलीन. दोन्ही. मी विचारलं, काय झालं गं? तर म्हणे, मावशी, हा शब्द टीचरनी मला सातवीत पन्नास वेळा लिहायला लावला होता. मी ध आधी आणि द खाली लिहायचे. ती बघ, दारात उभीच आहे. ये गं आत. बाहेर काय करतेस?

शुला : ती बोलणार नाही. मी बोलेपर्यंत थांबेल. ये सँड्रा.

सँड्रा : चहा आणलाय. तिघींचा. काळा, चालतं की नाही ठाऊक नव्हतं म्हणून दूध नाही घातलं.

फ्लोरामावशी : दूध घातलं असतंस तरी मी प्यायले असते. दे.

शुला : सँड्रा, इकडे माझ्यासमोर बस. एक विचारते.

सँड्रा : विचारा.

शुला : पाणी गार होतं का?

सँड्रा : काय?

शुला : पाणी. तू बादल्या भरल्यास ना? गार होतं का?

सँड्रा : नाही ताई. गिझरचं काढलं, मग त्यात गार घातलं. कोपर बुडवून बघितलं. आमची ॲंजेला लहान असताना बघायचे तसं. पहिल्यांदा जास्त गरम वाटलं, म्हणून अजून तांब्याभर गार घातलं.

शुला : तिन्ही बादल्या?

सँड्रा : तिन्ही. तिसरी तोपर्यंत निवेल म्हणून ती जरा कढत ठेवली होती. टीचरना गार पाणी कुठे सोसायचं? आम्हाला अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर सहलीला न्यायच्या, सगळ्या मुली पाण्यात आणि टीचर वाळूत, मोजे घालून. मेमध्ये.

शुला : मी सांगायला विसरले.

फ्लोरामावशी : काय विसरलीस?

शुला : बाहेरून सगळं सांगितलं. केस सांगितले, नखं सांगितली. पाण्याचं नाही सांगितलं. बाकीच्या बायकांच्या वेळी आम्ही नळाचंच घ्यायचो, कोणी बघायचं नाही. मेलेल्या माणसाला काय कळतंय. मीच म्हणायचे असं. आणि पहिली धार पडली तेव्हा मला वाटलं, गार पाणी घातलं हिला. डिसेंबरात कढत पाणी मिळालं नाही तर माझ्याशी दिवसभर बोलायची नाही ती. आणि मी दार ढकललं नाही. नियम आहे म्हणून उभी राहिले.

सँड्रा : कोमट होतं, ताई. खरंच.

शुला : हो.

सँड्रा : आईची शपथ.

शुला : शपथ नको. कोपर घातलंस ना. मग झालं.





फ्लोरामावशी : रडायचं असेल तर रड.

शुला : नाही येत. भूक लागलीय.

सँड्रा : कालचा डबा?

शुला : उघडलाच नाही.

सँड्रा : मग ती उसळ आता नका खाऊ, आंबली असेल. मी अंडी आणलीत उकडून. थांबा, सोलून देते.

फ्लोरामावशी : आधी उठव तिला. मग खायला घाल. सात दिवस झाले, आता जमिनीवरचं बसणं पुरे. शुला, हात दे. सँड्रा, तू त्या बाजूनं धर. माझ्यावर भार टाकू नको हं, मी पडेन.

शुला : पाय झोपलेत दोन्ही.

फ्लोरामावशी : असू दे. जरा उभी राहा तशीच. हां. आता आपण इमारतीला एक फेरी मारायची. घरात बसलेलं माणूस बाहेर आलं, हे जगाला दिसायला हवं. चपला घाल.

सँड्रा : ताई, गाऊनला गळ्याशी फाटलंय. दोन टाके घालू पटकन?

शुला : नको. दुखवटा म्हणून ते मीच फाडलंय. महिनाभर तसंच राहू दे.

सँड्रा : मग ही माझी ओढणी घ्या वरून. बाहेर वारा आहे.

शुला : दे.

फ्लोरामावशी : सावकाश. तिसरा मजला आहे, मी जिना मोजत उतरते. तुमच्या लिफ्टला कधी मुहूर्त लागणार?

सँड्रा : नोटीस लागलीय मावशी, पुढच्या महिन्यात म्हणे.

फ्लोरामावशी : मागल्या वर्षी आले होते तेव्हाही हीच लागली होती.

शुला : ऊन किती आहे.

सँड्रा : साडेनऊ झाले. इकडून जाऊया, मागच्या बाजूला चिखल आहे. गेटपर्यंत जाऊन वळू.

फ्लोरामावशी : ती केळीवाली आपल्याकडे बघतेय. ओळखीची आहे का?

सँड्रा : प्रिस्का. निर्मळहून येते. टीचर तिच्याकडूनच घ्यायच्या. मी आठवडाभर मुद्दाम त्या बाजूनं गेलेच नाही.

प्रिस्का : टीचरच्या बहीण ना तुम्ही? हॉस्पिटलवाल्या?

शुला : हो.

प्रिस्का : टीचर दिसल्याच नाहीत गुरुवारपासून. रोज राजेळीची एक फणी बाजूला काढते त्यांची, संध्याकाळी दुसऱ्याला देऊन टाकते. एरवी कुठं जायचं असलं तर सांगून जातात. गावाला गेल्यात का?

शुला : हो.

प्रिस्का : बरं आहे ना सगळं?

शुला : तू इथे किती वाजेपर्यंत असतेस?

प्रिस्का : अकरा, साडेअकरा. माल संपला की निघते. का हो?

शुला : काही नाही. येते मी परत.

प्रिस्का : या. आजची फणी ठेवते मग.

फ्लोरामावशी : शुला, अशी का बोललीस तिच्याशी?

सँड्रा : ताई, तुम्ही हो म्हणालात. गावाला गेल्या म्हणालात.

शुला : तिची पाटी बघितलीस? भरलेली आहे. आता सांगितलं तर तशीच उचलून घरी जाईल. अकराला पाटी रिकामी झाली की मी येईन खाली.

सँड्रा : मी सांगू का तिला? तुम्हाला परत परत नको तेच.

शुला : नको. माझी बहीण होती, मीच सांगते. तू नुसती बाजूला उभी राहा.